आराखडा मिमीत, मिस्त्री फुटात: दोन्ही मापं एकत्र नांदवायची कशी?

मोजपट्टी (धागाकर्ता)

मेट्रिक मापं आपल्याकडे १९५८च्या १ ऑक्टोबरपासून टप्प्याटप्प्याने लागू झाली. तरी आजही घराचं काम काढलं की आराखडा मिलिमीटरमध्ये येतो, मिस्त्री फुटात बोलतो, सुतार सुतात, दुकानदार चौफुटाचा दर सांगतो आणि सातबाऱ्यावर हेक्टर-आर असतात.

एक इंच म्हणजे २५.४ मिमी, फूट ३०४.८ मिमी. हा गुणाकार मोबाइल करून देतो, तो विचारत नाहीये. प्रत्यक्ष कामात घोळ नेमका कुठे होतो, का होतो आणि माल यायच्या आधी तो पकडायचा कसा, एवढंच हवं आहे. ज्याने त्याने आपापल्या धंद्यातलं लिहावं. आठवणी आणि किस्से दुसऱ्या धाग्यावर.

गवंडीकाका

पहिला घोळ टिंबाचा. १० फूट १० इंच हे माप वहीत १०.१० असं लिहितात आणि मग कोणीतरी तोच आकडा कॅल्क्युलेटरवर मारतो. १० फूट १० इंच म्हणजे १०.८३ फूट. खोली १० फूट १० इंच बाय १२ फूट ६ इंच असेल तर क्षेत्रफळ १३५.४ चौफूट. टिंबवाले आकडे मारले, १०.१० गुणिले १२.६, की येतात १२७.३. एका खोलीत आठ चौफूट गायब.

गंमत अशी की टिंब नेहमी कमीच दाखवतं असं नाही. नऊ इंचांपर्यंत ते माप फुगवतं (६ इंच म्हणजे अर्धा फूट, पण लिहिला जातो .६), आणि दहा-अकरा इंचांना धाडकन खाली पाडतं. वाळूच्या गाडीत नेमकी फुगवणारी बाजू लागते. हौदा १० फूट लांब, ६ फूट ६ इंच रुंद, माल ३ फूट ३ इंच उंच: खरं २११ घनफूट, म्हणजे २.११ ब्रास. टिंबाने २.१८ ब्रास. पैसे २.१८चे जातात.

उपाय सोपा आहे. सगळं इंचात करा, गुणा, १४४ने भागा. १३० × १५० = १९५००, भागिले १४४ = १३५.४. घनफुटाला १७२८ने भागा. वहीत टिंब लिहायचंच नाही, १०-१० अशी आडवी रेघ मारा. रेघेचा आकडा कोणी कॅल्क्युलेटरवर मारत नाही.

दुसरा घोळ ‘इंच म्हणजे पंचवीस’. चार-सहा इंचांपर्यंत चालतं. स्लॅब पाच इंची म्हटला आणि १२५ मिमी धरला तर काही बिघडत नाही. पण हेच लांबीला लावलं की दहा फुटांत ४८ मिमी जातात, जवळजवळ दोन इंच. आखणी करताना एका भिंतीला ३०००चं माप धरलं आणि समोरच्या भिंतीला दहा फुटांचं, तर खोली चौकोनी राहतच नाही. गुण्या (काटकोन) तीन-चार-पाचनेच तपासा, पण फुटात ३-४-५ किंवा मिमीत ९००-१२००-१५००. एक बाजू फुटात आणि कर्ण मिमीत असं करू नका.

तिरकस_आंबा

एवढं डोकं कशाला? सगळं फुटातच ठेवा. आपल्या मिस्त्रीला फूट कळतो, आपल्याला फूट कळतो. तो मिमी आर्किटेक्टने त्याच्या कचेरीत वापरावा.

नळदमयंती

@तिरकस_आंबा, फुटात ठेवता आलं असतं, पण माल फुटाचा बनत नाही ना. आणि नळाच्या धंद्यात तर इंच हे माप उरलेलंच नाही, ते नाव आहे. बबन नावाच्या माणसाची उंची जशी नावावरून कळत नाही, तसं ‘अर्धा इंची’वरून पाइपात अर्धा इंच कुठे आहे ते कळत नाही.

अर्धा इंची जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप: बाहेरून २१.३ मिमी. अर्धा इंची सीपीव्हीसी (गरम पाण्यालाही चालणारा प्लास्टिकचा): बाहेरून १५.९ मिमी. अर्धा इंची पांढरा यूपीव्हीसी (शेड्यूल ४० किंवा ८०, हे भिंतीच्या जाडीचे वर्ग): पुन्हा २१.३. शेतीचा राखाडी पीव्हीसी, ज्याला अर्धा इंची म्हणतात: २० मिमी. चौघांचं नाव एक, पण एकाचा कपलर दुसऱ्यावर सगळीकडे बसेलच असं नाही.

सीपीव्हीसीचं लक्षात ठेवायला एक खूण आहे: बाहेरचा व्यास नावापेक्षा बरोबर एक सूत जास्त. अर्धा इंच म्हणजे चार सूत, अधिक एक, पाच सूत, १५.९ मिमी. पाऊण इंची सात सूत, २२.२. एक इंची नऊ सूत, २८.६. (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, ३.१७५ मिमी. नवीन लोकांसाठी.)

शेतीच्या पाइपांवर छापलेला आकडा बाहेरच्या व्यासाचा असतो आणि दुकानात तो इंचाच्या नावाने मागतात. ही जोडी पाठ करा:
२५ मिमी पाऊण इंची, ३२ एक इंची, ४० सव्वा, ५० दीड, ६३ दोन, ७५ अडीच, ९० तीन, ११० चार, १६० सहा इंची.

चूक इथे होते. मोटरीच्या बाजूला दोन इंची यूपीव्हीसी, बाहेरचा व्यास ६०.३. पुढे शेतात जाणारी लाइन दोन इंची शेतीची, ६३. दुकानदार दोन्ही वेळा ‘दोन इंची’ देतो. कपलरमध्ये ६०.३चा पाइप सैल बसतो, प्लंबर सोल्युशन जास्त ओततो, दोन दिवस टिकतं आणि मोटर चालू-बंद होताना जो धक्का बसतो त्यात सांधा निसटतो. सोल्युशन हे फट भरायचं लुकण नाही. ते दोन्ही पृष्ठभाग विरघळवून एक करतं, त्यामुळे पाइप कोरडा घातला तरी कपलरच्या एक तृतीयांश ते दोन तृतीयांश खोलीवर घट्ट अडला पाहिजे. सैल असेल तर माप चुकलं, सोल्युशन नाही.

वेगवेगळ्या जातीचे पाइप जोडायचे तर आट्यांनी जोडा. एकाला बाहेरच्या आट्याचा अडॅप्टर (एमटीए), दुसऱ्याला आतल्या आट्याचा (एफटीए). आटे मात्र इथे सगळ्यांचे एकाच जातीचे, बीएसपी. अर्धा आणि पाऊण इंचीला इंचात १४ आटे, एक इंचीला ११.

रंधा

वरच्या ‘नाव की माप’ला जोरदार अनुमोदन. सुतारकामात तर दोन्ही एकाच कपाटात सापडतात.

प्लायचा आठ बाय चारचा तक्ता म्हणजे २४४० × १२२० मिमी. इथे फूट खरा आहे. आता ओटा आणि कपाटाची खोली ‘दोन फूट’ सांगितली की काय होतं बघा. १२२० रुंदीतून दोन फुटांच्या दोन पट्ट्या काढायच्या. करवतीचं पातं ३ मिमी लाकूड खातं. उरले १२१७, अर्धे ६०८.५. दोन फूट म्हणजे ६०९.६. एक मिमी कमी. लांबीत तर आणखी वाईट: २४४०मधून ६१०चे चार तुकडे म्हणजे बरोबर २४४०, पात्याला जागाच नाही. तीन तुकडे निघतात आणि चौथा सहाशेचा, जो कुठेच बसत नाही. तेच माप ६०० धरलं तर चार तुकडे २४००, तीन कापांचे ९ मिमी, वर ३१ मिमी शिल्लक. तक्त्याची कड खराब असते तीही छाटून निघते. म्हणून कटिंगची यादी मिमीतच करायची, आणि सुतार टेपवर इंचाची बाजू बघतोय असं दिसलं तर यादीवर इंच लिहायचेच नाहीत. दोन आकडे लिहिले की एक चुकतो.

आता उलटं उदाहरण. ड्रॉवरचं टेलिस्कोपिक चॅनल. त्याची जाडी एका बाजूला १२.७ मिमी, म्हणजे पक्का अर्धा इंच. ड्रॉवरचा डबा कपाटाच्या आतल्या रुंदीपेक्षा दोन्ही बाजू मिळून २५.४ कमी हवा, २६ धरा. इथे ‘अर्धा इंच म्हणजे १२’ धरून २४ कमी केले की ड्रॉवर आत जातो पण अडकत अडकत, आणि सुतार चॅनलला शिव्या देतो. त्याच चॅनलची लांबी मात्र नावाची: १८ इंची म्हणतात ते ४५०, २० इंची ते ५००, २२ इंची ते ५५०. जाडी खरी इंचाची, लांबी नावाची, एकाच वस्तूत.

बिजागरीच्या वाटीचं भोक ३५ मिमी. दीड इंची ड्रिल (३८) लावलं तर वाटी सैल, सव्वा इंचीने (३१.७५) बसतच नाही. ३५चं ड्रिल सात दुकानं फिरून आणा पण तेच आणा.

दोन दारांमधली फट एक सूत ठेवतात, ३ मिमी. ते चांगलं माप आहे, ठेवा.

पाऊणशेपाऊण

वाखु (वाचनखूण) साठवली. एक प्रश्न: ओट्याची उंची ३४ इंच सांगितली आहे. खाली डिशवॉशर येणार. चालेल ना?

रंधा

३४ इंच म्हणजे ८६३.६ मिमी. त्यातून ग्रॅनाइट आणि खालचा मसाला मिळून निदान २० मिमी जातात, उरले ८४३. उभी सुटी मिळणारी बहुतेक डिशवॉशर यंत्रं ८४५ मिमी उंच असतात. दोन मिमीने अडेल. काहींचं वरचं झाकण काढता येतं आणि मग ती ८२०च्या आत बसतात, पण ते मॉडेलच्या कागदावर बघा. आधी यंत्राचा कागद, मग ओटा. उंची ‘पूर्ण झालेल्या फरशीपासून वरच्या दगडापर्यंत’ अशी मिमीत लिहून द्या. नुसतं ३४ इंच म्हटलं की कोणी कच्च्या जमिनीपासून मोजतो, कोणी दगडाच्या खालपर्यंत.

तिरपी_टाईल

फरशीचं कोणी बोललं नाही अजून? ‘दोन बाय दोन’ टाइल हे सगळ्यात महागडं नाव आहे.

टाइल ६०० × ६०० मिमी. क्षेत्रफळ ०.३६ चौ.मी., म्हणजे ३.८७५ चौफूट. दुकानात ४ धरतात. चार टाइलांचा खोका १५.५ चौफुटांचा, हिशोब १६चा. ६०० चौफूट जागेला सोळाने भागलं की ३८ खोके येतात, साडेपंधराने ३९. वर कापाकापीला ५ ते १० टक्के घ्या, तिरपी मांडणी असेल तर १० टक्क्यांहून कमी नको. कमी पडलेला एक खोका नंतर आणायला गेलं की दुसऱ्या बॅचचा मिळतो आणि रंगात फरक पडतो, तो आयुष्यभर दिसतो. ‘दोन बाय चार’ (६०० × १२००) ७.७५ चौफूट, ८ नाही. भिंतीची १२ बाय १८ (३०० × ४५०) १.४५, दीड नाही. दर चौफुटाचा असेल तर खोक्यावर छापलेले चौ.मी. घ्या, १०.७६४ने गुणा, आणि त्यावर पैसे द्या.

मांडणीत काय होतं तेही सांगतो. खोली दहा फूट, ३०४८ मिमी. मिस्त्री म्हणतो, दोन बाय दोनच्या पाच टाइल बरोबर बसतील. पाच टाइल ३०००, मधले चार सांधे २ मिमीचे, ३००८. कडेला ४० मिमीची पट्टी उरते. एवढी बारीक पट्टी कापताना तुटते, बसली तरी भिंतीलगत डोळ्यात खुपते. त्यापेक्षा मधून सुरुवात करा: मधे चार अख्ख्या टाइल, २४००, पाच सांधे १०, उरले ६३८. दोन्ही भिंतींशी ३१९, त्यातून भिंतीजवळची ५ मिमी मोकळी जागा सोडून ३१४चे तुकडे. दोन्हीकडे अर्धी टाइल दिसते, खोली नीटस वाटते. खर्चाला बघाल तर ओळीत पाचच टाइल लागतात, कारण ६०० उभी कापून ३१४चे दोन तुकडे निघत नाहीत, तर सहा टाइल घ्याव्या लागतील. हो, एक जास्त. म्हणून हे ठरवायचं टाइल मागवायच्या आधी, नंतर नाही.

गवंडीकाका

@तिरपी_टाईल, ‘पाचच टाइल’ आणि ‘सहा’ एकाच वाक्यात आलं.

तिरपी_टाईल

बरोबर, नीट लिहितो. चार अख्ख्या, अधिक कडेच्या दोन तुकड्यांसाठी दोन टाइल, एकूण सहा. दोन्ही तुकडे ३००च्या आत असते तर एकाच टाइलमधून निघाले असते आणि पाचात भागलं असतं. दहा फुटी खोलीत ते १४ मिमीने हुकतं, कारण फूट ३०० नसून ३०४.८ आहे. प्लास्टर जाड असेल आणि खोली तयार होऊन ३०१५ उरली, तर पाचात बसेल. म्हणून माप प्लास्टर झाल्यावर, भिंतीच्या दोन्ही टोकांना आणि मधे, तीन ठिकाणी घ्या.

लोखंडाचे_चणे

सळईचं. तीन सुती म्हणजे १० मिमी, चार सुती १२, पाच सुती १६, सहा सुती २०, आठ सुती २५. अडीच सुती ८ मिमी. ही बाजारातली नावं.

खरी तीन सूत ९.५ मिमी, म्हणजे १०ची सळई नावापेक्षा थोडी जाड. पण खरी चार सूत १२.७ आणि मिळते १२. फरक डोळ्याला दिसत नाही, पण ताकद छेदाच्या क्षेत्रफळावर असते: १२६.७ चौ.मिमीच्या जागी ११३. जवळजवळ ११ टक्के कमी. जुन्या घराचा फूट-इंचातला आराखडा पुढे करून ‘तेच चार सुती सहा इंचावर’ असं सांगू नका. इंजिनिअरकडून मिमीत नवीन घ्या.

वजनाचं सूत्र: व्यासाचा वर्ग भागिले १६२ म्हणजे मीटरला किलो. १२ मिमीला ०.८९, १२ मीटरची एक सळई १०.६७ किलो. फुटात हवं असेल तर ५३३ने भागा. गाडी उतरवताना बंडलातल्या सळया मोजा, वजनाशी ताडून बघा.

आणि ‘चाळीस फुटी’ सळई १२ मीटरची असते, ३९ फूट ४ इंच. त्यातून दहा फुटांचे चार तुकडे निघत नाहीत. तीन निघतात आणि आठ इंचांनी तोकडा एक. ३ मीटरचे चार निघतात. वर रंध्याने प्लायचं लिहिलंय तीच गोष्ट.

तिरकस_आंबा

ठीक आहे, फूट सोडला. पण जमिनीला गुंठाच राहणार.

बांधावरून

राहू द्या, पण तो आर नाही हे लक्षात ठेवा.

गुंठा म्हणजे ३३ फूट × ३३ फूट, १०८९ चौफूट. इंग्रजी मोजणीची ३३ फुटी साखळी, तिचे १६ आणे, त्यातून आलेलं माप. ४० गुंठे एक एकर, ४३५६० चौफूट. आर म्हणजे १० मी. × १० मी., १०७६.४ चौफूट. गुंठा आरापेक्षा साडेबारा चौफुटांनी मोठा. एका गुंठ्यात हा फरक कोणी विचारत नाही, म्हणून ‘आर म्हणजेच गुंठा’ असं सर्रास बोलतात. मोठ्या क्षेत्रात बघा: सातबाऱ्यावर १.२०.०० आहे, म्हणजे १ हेक्टर २० आर. आर म्हणजे गुंठा धरलं तर १२० गुंठे, सरळ तीन एकर. खरं ११८.६ गुंठे, २ एकर ३८.६ गुंठे. फरक दीड हजार चौफुटांचा, एक बऱ्यापैकी घर बसेल एवढा.

गवंडीकाकांचं टिंब इथेही आहे. जुन्या फेरफारात २-३८ म्हणजे २ एकर ३८ गुंठे. कोणी ते २.३८ एकर असं टंकलं की झाले २ एकर १५ गुंठे. आणि सातबाऱ्यावरचा ०.४० हा शून्य हेक्टर ४० आर, म्हणजे साडेएकोणचाळीस गुंठे, एकराला अर्धा गुंठा कमी. एक एकर हवा असेल तर ०.४०.४७ दिसलं पाहिजे.

व्यवहारात क्रम असा ठेवा: सातबाऱ्यावरचं क्षेत्र आधी चौ.मी.मध्ये (हेक्टर गुणिले १००००, आर गुणिले १००, बेरीज), मग १०१.१७ने भागून गुंठे. दर गुंठ्याचा ठरला तरी खरेदीखतात क्षेत्र हेक्टर-आरमध्ये, सातबाऱ्याशी अंकन्‌अंक जुळणारं. पोटखराबा (लागवडीला न येणारी जमीन) धरून की सोडून, तेही आधीच बोला.

फ्लॅटला हीच गोष्ट: जाहिरातीत चौफूट, करारनाम्यात कार्पेट क्षेत्र चौ.मी., रेडी रेकनरचा दरही चौ.मी.ला. दर चौफुटात आणायचा तर १०.७६४ने भागायचा, क्षेत्रफळ आणायचं तर गुणायचं. लोक इथे उलटं करतात. एक लाख रुपये चौ.मी. म्हणजे ९२९० रुपये चौफूट.

शिवणटिपण

आमच्याकडे पन्हा इंचात आणि लांबी मीटरमध्ये, एकाच वाक्यात: ‘चव्वेचाळीस पन्ह्याचं अडीच मीटर द्या.’ (पन्हा म्हणजे कापडाची रुंदी, रंध्याच्या हत्यारपेटीतला पाना वेगळा.) पन्हा ३६, ४४ किंवा ५८, हे इंच खरे. पण किनार सोडून मोजा, वापरायला इंचभर कमीच मिळतो.

नऊवारी म्हणजे नऊ वार, वार ०.९१४ मीटरचा, म्हणजे ८.२३ मीटर. सहावारी ५.४९, म्हणूनच साडेपाच मीटरची साडी बरोबर सहावारी होते, ब्लाउजपीस त्याहून वेगळा. नऊवारी घेताना ‘नऊ मीटर आहे का’ विचारू नका, ‘किती मीटर’ विचारा. सव्वाआठच्या खाली असेल तर काष्ट्याला ओढाताण होते.

शिलाईच्या टेपला एका बाजूला ६० इंच, दुसऱ्या बाजूला १५० सेंमी. दोन्ही एकाच टोकाला संपत असतील तर टेप खोटा आहे. ६० इंच म्हणजे १५२.४, सेंमीच्या बाजूला अडीच सेंमी उरायलाच हवेत. कापडी टेप ताणतो, वर्षातून एकदा स्टीलच्या पट्टीवर ताडून बघा.

नेटवरून पॅटर्न उतरवलं तर शिलाईची दाब (शिवणीबाहेर सोडलेलं कापड) बघा. आपल्याकडची अर्धा इंच, १२.७ मिमी. युरोपातल्या पॅटर्नची बहुधा १५ मिमी, अमेरिकेतली पाच सूत, १६. चार शिवणी असलेल्या कपड्यात आठ पदर येतात. प्रत्येकी २.३ मिमी चुकलं की कंबरेला १८ मिमी. ब्लाउज तेवढ्यात बिघडतो.

मापं मात्र इंचातच घेते. छत्तीसचा पाव नऊ. ९१.४चा पाव काढत बसायला वेळ कोणाला आहे.

शॉर्टसर्किट

वायरिंगवाले अजून ३/२०, ७/२० मागतात. हे जुने गेज: ७/२० म्हणजे २० गेजच्या सात तारा. २० गेजची तार ०.९१४ मिमी, सात तारांचा छेद ४.६ चौ.मिमी. दुकानदार ४ चौ.मिमीची वायर देतो. ३/२० म्हणजे १.९७ चौ.मिमी, त्याजागी दीडची मिळते, एक चतुर्थांश कमी. गीझर, एसीसाठी जुनं नाव सांगू नका, चौ.मिमी सांगा: एसी-गीझरला ४, पॉवर प्लगला २.५, दिव्यांना १.५. गेजचा आकडा वाढला की तार बारीक होते, चौ.मिमीचा वाढला की जाड. नवशिका इथेच उलटा जातो.

न्यूजर्सीकर

इथे सगळंच इंचात असल्याने उलटा त्रास. तिकडून इकडे पितळी नळ किंवा शॉवर आणायची हौस असेल तर थांबा. इथले आटे एनपीटी, तिकडचे बीएसपी. अर्धा आणि पाऊण इंचीला दोन्हीकडे इंचात १४ आटे, म्हणून दोन-तीन फेरे झकास बसतात. पण आट्याचा कोन इथे ६० अंश, तिथे ५५. पुढे आवळलं की आटे खातात आणि टेफ्लॉन कितीही गुंडाळला तरी थेंब थेंब चालू राहतो. एक इंचीला साडेअकरा विरुद्ध अकरा, तिथे निदान बसतच नाही. अडॅप्टर मिळतो, तोच घ्या.

स्वयंपाकात: इथला कप २३७ मिली, तिकडे कपांच्या संचातला बहुधा २४० किंवा २५०. बटरची एक ‘स्टिक’ ११३ ग्रॅम, तिकडची छोटी वडी १००. ओव्हन ३५० म्हणजे १७७ सेल्सिअस, १७५वर लावा, पंख्याचा ओव्हन असेल तर २० अंश कमी. नानकटाई बसली तर आधी तापमानाचं एकक बघा, मग तुपाला दोष द्या.

धरणसाठा

अवांतर, पण पावसाळ्यात रोज लागतं. बातमीत टीएमसी आणि क्युसेक, जलसंपदाच्या तक्त्यात दलघमी (दशलक्ष घनमीटर). एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, २८.३ दलघमी. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, २८.३ लिटर. दोन्हीकडे तोच आकडा, कारण घनफूट २८.३ लिटरचा. एक टीएमसी एका दिवसात सोडायला ११५७४ क्युसेक लागतात. म्हणजे ४०००० क्युसेकचा विसर्ग दिवसभर चालला तर साडेतीन टीएमसी गेलं. कोयनेची क्षमता १०५ टीएमसी, त्यावरून अंदाज येतो.

घरच्या टाकीलाही हेच: लांबी × रुंदी × उंची फुटात, गुणिले २८.३. दहा बाय सहा बाय पाचची टाकी साडेआठ हजार लिटर. उंची जादा पाणी बाहेर काढणाऱ्या वरच्या पाइपापर्यंतच मोजा, स्लॅबपर्यंत नाही.

मोजपट्टी (धागाकर्ता)

सगळ्यांचे आभार. मिस्त्रीला द्यायच्या कागदावर आता असं करतोय: लांबी सगळी मिमीत, पाइपांपुढे बाहेरचा व्यास, टाइलपुढे खोक्यावरचे चौ.मी., वायरीपुढे चौ.मिमी. फूट कुठेच नाही.

एक बारकं राहिलं. नवीन स्टीलच्या टेपचं पुढचं टोक मिमीभर पुढेमागे हलतं. ठोकून पक्कं करावं का?

रंधा

अजिबात ठोकू नका! ते मुद्दाम सैल ठेवलेलं असतं. हलतं तेवढीच त्या पत्र्याची जाडी असते. टोक अडकवून ओढलं की ते बाहेर सरकतं, भिंतीला टेकवून दाबलं की आत, म्हणजे बाहेरचं आणि आतलं दोन्ही माप खरं येतं. ठोकलंत तर दोनपैकी एक माप कायमचं मिमीभर चुकेल, इंचातही आणि मिमीतही.